विश्वचषकासारख्या फुटबॉल स्पर्धेचे वेळापत्रक कोण आखते आणि स्पर्धा प्रत्यक्ष चालवते कोण?

श्रीरंग

नमस्कार. फुटबॉलच्या विश्वचषकाविषयी बोलताना आपण खेळाडू, गोल आणि पंचांचे निर्णय यांपलीकडे सहसा जात नाही. माझा प्रश्न मात्र पहिला सामना सुरू होण्याच्या कितीतरी आधीचा आहे. १९३० मध्ये उरुग्वेत झालेल्या पहिल्या स्पर्धेत १३ संघ होते, १८ सामने होते आणि ते सगळे माँटेव्हिडिओ या एकाच शहरात खेळले गेले. २०२६ च्या स्पर्धेची आखणी पाहिली तर ४८ संघ, १०४ सामने, तीन देश, १६ शहरे आणि ३९ दिवस असा पसारा आहे.

कोणत्या संघाने कोणत्या दिवशी कोणत्या शहरात खेळायचे, हे सोडतीने ठरते की कोणी तरी बसून ठरवते? सोडतीने ठरत असेल तर तिकिटे, हॉटेले आणि विमाने यांची व्यवस्था दोन वर्षे आधी कशी करता येते? आणि कोणी तरी ठरवत असेल, तर एखाद्या बड्या संघाला सोयीची वाट मिळणार नाही याची खात्री काय? दुसरे असे की, स्पर्धा फिफाची म्हणायची की यजमान देशाची? खर्च कोणाचा, उत्पन्न कोणाचे आणि जबाबदारी कोणाची, हे वर्तमानपत्रांतून नीट कळत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वेदवती

श्रीरंग, प्रश्न चांगला आहे. वेळापत्रकापुरते मी लिहिते, यजमानपदाविषयी इतरांनी लिहावे.

आधी हिशेब मांडते, कारण सगळी गुंतागुंत त्यातूनच निघते. चार संघांच्या गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे म्हटले की सहा सामने होतात. असे १२ गट असल्यामुळे साखळीतच ७२ सामने होतात. बाद फेरीत ३२ संघ जातात, प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो, म्हणजे विजेता ठरेपर्यंत ३१ सामने आणि तिसऱ्या क्रमांकाचा एक. एकूण १०४. याच पद्धतीने ३२ संघांच्या स्पर्धेत ६४ सामने होत असत.

४८ संघांचा निर्णय जानेवारी २०१७ मध्ये झाला, तेव्हाची योजना निराळी होती. तीन-तीन संघांचे १६ गट करायचे आणि एकूण ८० सामन्यांत स्पर्धा आटोपायची, असे ठरले होते. कागदावर ती सुटसुटीत दिसत होती, पण तिच्यात एक मोठा दोष होता. तीन संघांच्या गटात शेवटचा सामना सुरू असताना तिसरा संघ आपले सामने संपवून बाहेर बसलेला असतो. मैदानावरच्या दोघांना नेमका कोणता निकाल दोघांच्याही सोयीचा आहे, हे आधीच ठाऊक असते. अशा वेळी काय होते, हे फुटबॉलने २५ जून १९८२ रोजी स्पेनमधील हिहोन येथे पाहिले आहे. अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २–१ असे हरवले होते आणि आपला तिसरा सामना आदल्या दिवशीच जिंकून तो संघ वाट पाहत होता. पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाला एक किंवा दोन गोलांनी हरवले तर ते दोन्ही संघ पुढे जाणार आणि अल्जीरिया बाहेर पडणार, असे गणित होते. दहाव्या मिनिटाला पश्चिम जर्मनीच्या ह्रुबेशने गोल केला आणि त्यानंतर जवळजवळ सगळा सामना दोन्ही संघांनी आपापल्या अर्ध्या मैदानात चेंडू इकडून तिकडे फिरवण्यात घालवला. प्रेक्षकांतील अल्जीरियन लोक नोटा हलवून दाखवत होते. अल्जीरियाची तक्रार फेटाळली गेली, कारण नियम कोणीच मोडला नव्हता. त्याआधी १९७८ मध्ये यजमान अर्जेंटिनाचा पेरूविरुद्धचा सामना ब्राझीलचा सामना संपल्यानंतर सुरू झाला होता, त्यामुळे ब्राझीलला मागे टाकून अंतिम सामना गाठायला आपल्याला चार गोलांच्या फरकाने जिंकायचे आहे हे अर्जेंटिनाला आधीच माहीत होते. तो सामना त्यांनी ६–० असा जिंकला.

हिहोननंतर, म्हणजे १९८६ पासून, विश्वचषकात गटातील शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होतात. माझ्या मते या स्पर्धेच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा नियमबदल आहे, आणि तो खेळाच्या नियमांत झालेला नसून घड्याळात झालेला आहे. तीन संघांच्या गटात तो पाळताच येत नाही. २०२२ मध्ये कतारला ‘ई’ गटाच्या शेवटच्या संध्याकाळी काही मिनिटे अशी आली की जपान आणि कोस्टारिका पुढे आणि स्पेन व जर्मनी दोघेही बाहेर, अशी गुणतक्त्याची स्थिती होती. चार संघांच्या गटात काय रंगत असते, हे त्या संध्याकाळी सर्वांनी पाहिले. मार्च २०२३ मध्ये फिफाने तीनची योजना मागे घेतली आणि चारचे गट ठेवले. सामने २४ ने वाढले, दिवस वाढले, पण ती किंमत योग्यच आहे, असे मला वाटते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. वेळापत्रक संघांसाठी तयार होत नाही, जागांसाठी तयार होते. ‘एफ’ गटातील पहिली जागा अमुक दिवशी डॅलसला खेळेल आणि तिचा प्रतिस्पर्धी त्याच गटातील दुसरी जागा असेल, एवढेच आधी ठरते. त्या जागेवर कोण येणार, हे कोणालाच माहीत नसते. २०२६ साठीचा शहरे आणि तारखांचा आराखडा फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाला, तर सोडत ५ डिसेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये निघाली. मधल्या काळात शहरांना आपल्याकडे किती सामने आहेत आणि कोणत्या फेरीचे आहेत, हे ठाऊक होते, आणि हॉटेले, वाहतूक व बंदोबस्त यांच्या तयारीला तेवढे पुरते. अपवाद यजमानांचा. मेक्सिको, कॅनडा आणि अमेरिका यांना ‘ए’, ‘बी’ आणि ‘डी’ गटांतील पहिल्या जागा आधीच दिलेल्या होत्या, कारण यजमानाने आपल्याच देशात खेळावे, अशी अपेक्षा असते.

सोडतसुद्धा पूर्णपणे नशिबावर सोडलेली नसते. क्रमवारीनुसार संघांच्या चिठ्ठ्या चार भांड्यांत विभागल्या जातात आणि प्रत्येक गटात प्रत्येक भांड्यातून एक संघ जातो. एकाच खंडाच्या महासंघातील दोन संघ एका गटात येऊ देत नाहीत, फक्त युरोपचे संघ संख्येने जास्त असल्यामुळे तिथे दोनपर्यंत मुभा असते. त्यामुळे चिठ्ठी निघाली तरी संघ लगेच त्या गटात जात नाही. तो तिथे बसतो का आणि बसवला तर पुढे कोणाची कोंडी होईल का, हे तपासले जाते आणि अडचण असेल तर त्याला पुढच्या गटात ढकलले जाते. याखेरीज या वेळी क्रमवारीतील पहिले चार संघ उपांत्य फेरीपूर्वी एकमेकांसमोर येणार नाहीत अशी तजवीज केली गेली, मात्र त्यांनी आपापले गट जिंकायला हवेत. बड्या संघांना सोयीची वाट मिळते का, या तुमच्या शंकेचे प्रामाणिक उत्तर असे की, काही प्रमाणात मिळते, पण ती उघडपणे, नियम आधी सांगून दिलेली असते.

प्रवासाचेही बघायला हवे. ब्राझीलमध्ये २०१४ साली अमेरिकेच्या संघाचा मुक्काम साओ पावलोला होता आणि साखळीचे सामने नाताल, मनाऊस आणि रेसिफे येथे, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. मनाऊस तर ॲमेझॉनच्या खोऱ्यात. २०२६ साठी शहरांचे पश्चिम, मध्य आणि पूर्व असे तीन विभाग पाडले आणि गटांचे सामने शक्यतो त्या-त्या विभागात ठेवले, त्यामागे हाच अनुभव आहे.

नभांगण

वेदवतीताईंनी वेळापत्रकाचे उत्तम सांगितले आहे. मी यजमानपदाविषयी लिहितो.

स्पर्धेची मालकी फिफाची, आणि यात संदिग्ध काही नाही. प्रक्षेपणाचे हक्क, प्रायोजक, तिकिटे, बोधचिन्ह हे सगळे फिफाचे असते. यजमान देशाची फुटबॉल संघटना बोली लावते तेव्हा ती या अटी मान्य करूनच लावते. बोलीच्या दस्तऐवजात मैदानांची क्षमता (२०२६ साठी उद्घाटनाच्या आणि अंतिम सामन्याला किमान ८०,०००, उपांत्य सामन्यांना ६०,००० आणि बाकीच्यांना ४०,०००), सराव मैदाने, हॉटेले, विमानतळ हे तर असतेच, पण त्याहून महत्त्वाच्या असतात त्या सरकारच्या हमी. व्हिसा, करसवलत, सीमाशुल्क, सुरक्षा, कामाचे परवाने अशा बाबतीत सरकारने लेखी शब्द द्यावा लागतो. म्हणून बोली फुटबॉल संघटनेची दिसली तरी तिच्यामागे सरकार उभे नसेल तर ती टिकत नाही.

यजमान निवडायचा अधिकार आधी फिफाच्या कार्यकारी समितीकडे होता. डिसेंबर २०१० मध्ये त्या समितीतील २२ जणांनी एकाच दिवशी रशिया आणि कतार यांची निवड केली, आणि त्यानंतर उठलेल्या वादामुळे हा अधिकार सर्व सदस्य संघटनांच्या महासभेकडे गेला. फिफाचे २११ सदस्य आहेत. १३ जून २०१८ रोजी मॉस्कोत झालेल्या महासभेत अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्या संयुक्त बोलीला १३४ मते पडली आणि मोरोक्कोला ६५.

प्रत्यक्ष चालवणाऱ्यांची रचना मात्र बदलत आली आहे. पूर्वी यजमान देशात एक स्थानिक संयोजन समिती स्थापन होई. जर्मनीत २००६ साली तिचे प्रमुख फ्रान्झ बेकेनबाउअर होते. २०२६ साठी तशी राष्ट्रीय समिती नेमली गेली नाही. फिफाने स्वतःची कार्यालये उघडून कारभार हातात घेतला आणि करार थेट शहरांशी केले. इथेच पैशाचा प्रश्न येतो. प्रक्षेपण आणि प्रायोजकांचे उत्पन्न फिफाकडे जाते, तर बंदोबस्त, वाहतूक आणि चाहत्यांसाठीची ठिकाणे यांचा भार मोठ्या प्रमाणात शहरांवर पडतो. शिकागोने २०१८ मध्ये याच कारणावरून माघार घेतली. करदात्यांवर किती बोजा पडेल, हे निश्चित सांगता येत नाही, असे त्या शहराचे म्हणणे होते.

आकड्यांत सांगायचे तर २०१९ ते २०२२ या चार वर्षांत फिफाचे उत्पन्न साडेसात अब्ज डॉलरहून अधिक होते, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा प्रक्षेपण हक्कांचा होता. कतारमधील स्पर्धेत संघांना ४४ कोटी डॉलरची बक्षिसे दिली गेली, त्यांपैकी ४.२ कोटी विजेत्या अर्जेंटिनाला मिळाले. खेळाडू ज्यांच्याकडून येतात त्या क्लबांना २०.९ कोटी डॉलर देण्यात आले. क्लबांना पैसे का, असे काहींना वाटते, पण खेळाडूचा पगार वर्षभर क्लब देतो आणि तो जायबंदी होऊन परतला तर नुकसानही क्लबचेच होते, तेव्हा हा मोबदला रास्त आहे. शहरांच्या बाबतीत तसा हिशेब अजून कोणी नीट मांडलेला नाही, आणि मला ही या रचनेतील सर्वांत मोठी उणीव वाटते.

एक छोटी गोष्ट. फिफाला मैदान ‘कोरे’ लागते. म्हणजे तिच्या प्रायोजकांखेरीज दुसऱ्या कोणाचेही नाव तिथे दिसता कामा नये. म्हणून न्यू जर्सीतील मेटलाइफ स्टेडियम स्पर्धेपुरते ‘न्यू यॉर्क न्यू जर्सी स्टेडियम’ होते आणि २००६ मध्ये म्युनिकच्या अलियान्झ अरीनाचेही नाव असेच बदलले होते.

यजमानाने ऐन वेळी हात वर केले तर काय, हेही लिहून ठेवतो. १९८६ ची स्पर्धा कोलंबियात व्हायची होती. खर्च झेपणार नाही म्हणून त्या देशाने १९८२ मध्ये नकार कळवला आणि ती मेक्सिकोला गेली, कारण १९७० च्या स्पर्धेची मैदाने तिथे उभी होती. सप्टेंबर १९८५ मध्ये मेक्सिको सिटीला भीषण भूकंप झाला, तरी स्पर्धा ठरल्याप्रमाणे पार पडली. २०२३ चा आशियाई चषक चीनने मे २०२२ मध्ये सोडला, तो कतारने घेतला आणि जानेवारी–फेब्रुवारी २०२४ मध्ये भरवला. ज्याच्याकडे मैदाने तयार आहेत त्यालाच अशा वेळी विचारले जाते.

हरितक

वरील दोन्ही प्रतिसादांत मैदानांचा उल्लेख क्षमतेपुरताच आला आहे. मी क्रीडांगणांच्या हिरवळीचे काम करतो, म्हणून थोडे जमिनीविषयी लिहितो.

मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद हवे. ऐकायला सोपे वाटते, पण अमेरिकन फुटबॉलचे मैदान याहून बरेच अरुंद असते. त्या खेळासाठी बांधलेल्या काही स्टेडियमांत प्रेक्षकांची आसने कोपऱ्यांत इतकी पुढे आलेली होती की ६८ मीटर रुंदी मिळवण्यासाठी ती काढावी लागली. २०२६ च्या १६ स्टेडियमांपैकी आठ ठिकाणी एरवी कृत्रिम हिरवळ असते, आणि विश्वचषकाला नैसर्गिक गवत हवे. गवत दुसरीकडे वाढवून गुंडाळ्यांच्या रूपात आणायचे, खाली निचऱ्याची सोय असलेला थर द्यायचा, वर ते अंथरायचे आणि मुळे खालच्या थरात उतरेपर्यंत त्याला जपायचे, असे हे काम आहे. शिवाय कृत्रिम धागे गवतात शिवून घेतात, म्हणजे खेळाडूने जोरात वळण घेतले तरी तुकडा उखडत नाही. कसोटी लागते ती छताखालच्या मैदानांवर. तिथे ऊन आणि वारा कमी, म्हणून दिव्यांच्या रांगा गवतावरून फिरवाव्या लागतात आणि मोठे पंखे लावावे लागतात. मिशिगन स्टेट आणि टेनेसी या विद्यापीठांनी यावर काही वर्षे संशोधन केले आहे.

मिशिगन स्टेटचा यातला अनुभव जुना आहे. १९९४ मध्ये डेट्रॉइटजवळच्या पाँटियाक सिल्व्हरडोम या पूर्ण झाकलेल्या स्टेडियममध्ये सामने ठेवले होते. तिथे कॅलिफोर्नियातून आणलेले गवत षट्कोनी तबकांत, बाहेर वाहनतळावर वाढवले आणि मग ती तबके एकमेकांना जोडून आत संपूर्ण मैदान उभे केले. १८ जून १९९४ रोजी अमेरिका आणि स्वित्झर्लंड तिथे खेळले. बंद छताखाली झालेला तो विश्वचषकातील पहिला सामना. जपानने २००२ साली साप्पोरोत आणखी वेगळा मार्ग काढला. तिथे नैसर्गिक गवताचे संपूर्ण मैदानच बाहेर उघड्यावर ठेवलेले असते आणि सामन्याच्या वेळी ते हवेच्या दाबावर उचलून स्टेडियमच्या आत सरकवले जाते. इंग्लंड आणि अर्जेंटिना यांचा गाजलेला सामना त्याच मैदानावर झाला होता.

हे सगळे वेळेत झाले नाही तर काय होते, हे २०२४ च्या कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धेत दिसले. अटलांटात उद्घाटनाच्या सामन्यापूर्वी अगदी थोडे दिवस आधी गवत अंथरले होते आणि सामना जिंकूनही अर्जेंटिनाच्या प्रशिक्षकांनी त्या मैदानावर उघड टीका केली. माझ्या दृष्टीने ती टीका पूर्ण योग्य होती. मुळे धरलेली नसली की चेंडू उसळतो वेगळा, पाय रुततो वेगळा आणि गुडघ्यांवर ताण येतो.

वेळापत्रक आखणाऱ्यांनी हिरवळीचाही विचार करावा लागतो. २००२ मध्ये २० स्टेडियमांत ६४ सामने होते, म्हणजे एका मैदानावर सरासरी तीन. कतारमध्ये तेवढेच सामने आठ स्टेडियमांत झाले आणि एकट्या लुसैलमध्ये दहा. दोन सामन्यांत किती दिवसांची विश्रांती मिळते, यावर गवत टिकणार की नाही हे ठरते, आणि गवताची विश्रांती प्रक्षेपकांच्या सोयीपुढे नेहमीच मागे पडते.

श्रीरंग

सर्वांचे मनापासून आभार. हिरवळीविषयी एवढे असते, याची कल्पना नव्हती.

वेदवतीताई, एक शंका राहते. शेवटचे सामने एकाच वेळी ठेवले तरी २०२६ च्या रचनेत १२ गटांपैकी तिसऱ्या क्रमांकाचे सर्वोत्तम आठ संघही पुढे जातात. मग ज्या गटाचे सामने शेवटी आहेत त्याला आधीच्या गटांचे आकडे माहीत असणारच. म्हणजे हिहोनचा दोष वेगळ्या दाराने परत आला, असे नाही का?

वेदवती

श्रीरंग, तुमची शंका बरोबर आहे आणि मला स्वतःला या रचनेतील हाच भाग खटकतो. २०१६ च्या युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेत सहा गटांतून तिसऱ्या क्रमांकाचे चार संघ पुढे जाणार होते. अल्बेनियाने १९ जूनला रोमानियाला हरवून आपली साखळी संपवली आणि इतर गटांचे निकाल पाहत तो संघ २२ जूनपर्यंत थांबला. शेवटी गोलफरकावर तो बाहेर पडला. त्याच स्पर्धेत पोर्तुगालने तिन्ही साखळी सामने बरोबरीत सोडवले, तो गटात तिसरा आला आणि अखेर विजेता ठरला. शेवटच्या गटांना आपल्याला किती गुण आणि किती गोल पुरेसे आहेत हे कळते, पहिल्या गटांना कळत नाही. ही असमानता खरी आहे आणि ती वेळापत्रकाने मिटत नाही. फार तर साखळीची शेवटची फेरी थोड्या दिवसांत आटोपून कमी करता येते.

यातून आणखी एक अडचण निघते. तिसऱ्या क्रमांकाचे आठ संघ कोणत्या आठ गटांतून येतील, याच्या ४९५ शक्यता आहेत. प्रत्येक शक्यतेत कोणी कोणाशी खेळायचे याचा तक्ता नियमावलीला आधीच जोडलेला असतो, म्हणजे निकाल लागल्यावर कोणाला मर्जीने जोडी लावता येत नाही. पण त्या संघाला आपण पुढे कोणत्या शहरात जाणार, हे साखळी संपेपर्यंत कळत नाही आणि त्याच्या चाहत्यांना तर त्याहून कमी वेळ मिळतो.

सामने एकाच वेळी असले म्हणून सगळे सुटते असेही नाही. २०१८ मध्ये जपान पोलंडकडून ०–१ असा हरत होता आणि तरीही शेवटची दहा मिनिटे त्याने चेंडू मागे-मागे फिरवत काढली, कारण दुसऱ्या मैदानावर सेनेगल कोलंबियाविरुद्ध तेवढ्याच फरकाने हरत होता आणि जपानची पिवळी कार्डे कमी होती. गुण, गोलफरक, केलेले गोल आणि आपसातील निकाल हे सर्व समान निघाल्यामुळे कार्डांच्या संख्येवर जपान पुढे गेला. नियमात बसणारे होते, पण पाहणाऱ्यांना ते रुचले नाही.

कुमुद

सामन्याच्या दिवशीच्या व्यवस्थेविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते.

प्रत्येक सामन्यापूर्वी दोन्ही संघांचे व्यवस्थापक, पंच, सुरक्षा अधिकारी आणि प्रक्षेपणाची माणसे यांची समन्वय बैठक होते. तिथे दोन्ही संघांच्या आणि गोलरक्षकांच्या जर्सींचे रंग, अगदी मोज्यांपर्यंत, निश्चित होतात. ही बाब क्षुल्लक वाटू नये. १० जून १९७८ रोजी मार देल प्लाता येथे फ्रान्स आणि हंगेरी हे दोन्ही संघ पांढऱ्या जर्सी घेऊन मैदानावर आले. सामना लांबला, किंबर्ली नावाच्या एका स्थानिक क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांच्या जर्सी मागवल्या गेल्या आणि फ्रान्सचा संघ विश्वचषकाचा सामना त्या घालून खेळला.

उत्तेजक चाचणीचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच तपासावे लागतात. २०१४ मध्ये रिओच्या प्रयोगशाळेची मान्यता काढून घेतलेली असल्यामुळे ब्राझीलमधील सामन्यांचे नमुने विमानाने स्वित्झर्लंडमधील लोझानला पाठवले जात होते. यजमान देशात एक प्रयोगशाळा नसली तर केवढी यातायात होते, हे त्यावरून दिसते.

सर्वांत जोखमीचे काम गर्दीचे. तिकीट तपासणी स्टेडियमच्या दारावरच ठेवली की दारावर दाब येतो, म्हणून आधीच्या दोन-तीन टप्प्यांवर लोकांना थांबवून, विरळ करून पुढे सोडायचे असते. ११ जुलै २०२१ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये युरोच्या अंतिम सामन्याला हे जमले नाही. साथीमुळे आत जागा रिकाम्या आहेत हे सर्वांना ठाऊक होते, माणसे सकाळपासून जमली होती आणि सुमारे २,००० जण तिकिटाविना आत घुसले. पुढे बॅरोनेस केसी यांनी केलेल्या चौकशीत, त्या दिवशी जीवितहानी होण्याची वेळ अगदी जवळ आली होती, हे स्पष्टपणे नोंदवले गेले. तीन वर्षांनी मायामीत कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्याला तसेच घडले. दारे बंद करावी लागली, तिकीट असलेले लोकही उन्हात अडकून पडले आणि सामना तासाहून अधिक उशिरा सुरू झाला. दोन्ही ठिकाणी बाहेरचा टप्पा कमकुवत होता. शहर आणि स्पर्धा चालवणारी संघटना यांच्यात बाहेरच्या जागेची जबाबदारी नेमकी कोणाची, हे लेखी ठरलेले नसले की तो टप्पा कोणाचाच राहत नाही. नभांगण यांनी मांडलेला खर्चाचा प्रश्न इथे येऊन भिडतो.

वेदवतीताईंच्या मुद्द्याला जोडून हवामानाविषयी सांगते. अमेरिकेत जवळपास वीज कोसळली की खेळ थांबवतात आणि शेवटच्या विजेनंतर ३० मिनिटे थांबावे लागते. पुन्हा वीज पडली की मोजणी पहिल्यापासून सुरू होते. २८ जून २०२५ रोजी शार्लट येथे क्लब विश्वचषकातील चेल्सी–बेन्फिका सामना शेवटची काही मिनिटे उरली असताना थांबला आणि जवळजवळ दोन तासांनी पुन्हा सुरू झाला. साखळीच्या शेवटच्या फेरीत दोन शहरांत एकाच वेळी सुरू झालेल्या सामन्यांपैकी एकच असा थांबला, तर दुसऱ्याचा अंतिम निकाल समोर ठेवून उरलेली मिनिटे खेळली जातील. डॅलस, ह्यूस्टन, अटलांटा आणि व्हँकुव्हर येथील स्टेडियमांचे छत बंद करता येते, त्यामुळे निदान शेवटच्या फेरीतील दुपारचे सामने शक्य तितके तिथे ठेवावेत, असे मला वाटते.